आजारी माणसाच्या नावानं

एम्सच्या मेट्रो स्थानकातून वर आलं की आधी दिसतात त्या फुटपाथवरच्या पथाऱ्या. बिहारमधून, पूर्व उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं, उशाला फाइली, हातात एक्स-रेचे मोठे लिफाफे. कुणाच्या आईला फिट येतात, कुणाच्या वडिलांच्या मेंदूत गाठ आहे. तारीख मिळेपर्यंत मुक्काम इथंच. त्यांच्यातून वाट काढत आवारात शिरलं की पुढे संस्थेचं ग्रंथालय लागतं. त्याला नाव आहे बी. बी. दीक्षित यांचं. आत रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर वाकून बसलेली मुलंमुली असतात. दीक्षित कोण, हे मी त्यांच्यापैकी काहींना विचारलं. पहिले संचालक, एवढं बहुतेकांना ठाऊक होतं. त्यापलीकडे फारसं नाही.

भालचंद्र बाबाजी दीक्षित हे मराठी शरीरशास्त्रज्ञ. 1930च्या दशकात ते एडिंबरोत संशोधन करत होते. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते विजेनं की रसायनानं, हा वाद तेव्हा ऐन भरात होता. अ‍ॅसिटिलकोलीन हे द्रव्य मेंदूत असतं आणि त्याचा मेंदूवर परिणाम होतो, हे दाखवणारा त्यांचा निबंध 1934 साली प्रसिद्ध झाला. मांजराच्या मेंदूतल्या पोकळीत ते सोडलं की त्याला झोपेसारखी गुंगी येते, हेही त्यांनी नोंदवलं. पुढे 1976 मध्ये त्याच एडिंबरोतल्या दोन संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन तयार करणारं विकर घटलेलं असतं, असं दाखवलं. आज विसरभोळ्या झालेल्या आजोबांना डॉक्टर डोनेपेझिलची गोळी लिहून देतात, ती याच द्रव्याचा नाश लांबवते. दीक्षित पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे प्राचार्य होते आणि 1956 साली एम्स सुरू झालं तेव्हा त्याचे पहिले संचालक झाले.

यंदाच्या अंकाचा विषय 'स्मारकं' आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा दिल्ली हे उत्तर सोपं होतं. राजघाटापासून इंडिया गेटपर्यंत स्मारकंच स्मारकं. मला मात्र अशी स्मारकं पाहायची होती जी दर महिन्याला एखाद्या मुलीच्या बँकखात्यात जमा होतात. कुणाच्या तरी स्मृतीनं दिलेलं विद्यावेतन, आणि त्यावर मेंदूच्या किंवा मनाच्या आजाराचं संशोधन करणारी तरुण माणसं. त्यासाठी एम्स, दिलशाद गार्डनमधली इहबास ही मनोरुग्णांसाठीची संस्था आणि हरियाणातलं मानेसर असा फेरा केला.

महिन्याचे सदतीस हजार

इथल्या संशोधक विद्यार्थ्याचं आयुष्य एका आकड्याभोवती फिरतं. 2023च्या जानेवारीपासून केंद्र सरकारच्या जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोला, महिन्याला 37 हजार रुपये मिळतात, आधी 31 हजार होते. दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलो, झालं की 42 हजार, घरभाडं वेगळं. 31चे 37 होण्याआधी विद्यार्थ्यांना रस्त्यावर उतरावं लागलं होतं, आणि त्याआधीच्या, 2019च्या वाढीच्या वेळीही. गौतमनगरच्या गल्ल्यांत एम्सची मुलं खोली वाटून घेऊन राहतात. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राला वसतिगृह आहे, म्हणून तिथल्या मुलांची भाड्याची कटकट वाचते. पण अरवलीच्या पायथ्याशी, जयपूर महामार्गाच्या कडेला असलेल्या त्या आवारातून दिल्लीला यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो.

या विद्यावेतनांना नावं कुणाची? सीएसआयआरची एक फेलोशिप श्यामाप्रसाद मुखर्जींच्या नावाची. एकुलत्या एका मुलीसाठी यूजीसीची फेलोशिप आहे ती सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाची. महाराष्ट्रातून येणाऱ्यांच्या तोंडी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची नावं असतात. त्यांच्या फेलोशिपांवर बाबासाहेब, शाहू महाराज आणि जोतीराव आहेत. पीएचडीनंतर परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी फेलोशिप आहे. व्ही. रामलिंगस्वामी हे एम्सचे संचालक होते, नंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे महासंचालक. परिषदेची अन्सारीनगरमधली इमारतही त्यांच्याच नावाची. एम. के. भान 2020च्या प्रजासत्ताकदिनी गेले. एम्समधले बालरोगतज्ज्ञ, पुढे जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव. त्यांच्या नावानं तरुण संशोधकांसाठी फेलोशिप सुरू झाली.

थोरांच्या नावानं मिळालेल्या या पैशाबद्दल मुलं कृतज्ञतेनं बोलतात. एका मुलीनं सांगितलं, की गावी आजीला 'मेंदूवर काम करते' हे समजत नाही, पण 'सावित्रीबाईंच्या नावानं मिळालं' हे समजतं. मला ते फार आवडलं. नावाचा उपयोग असतो. नाव घरात पोचतं.

पण पैसे वेळेवर यावे लागतात. ते कधी चार महिने थांबतात आणि मग एकदम येतात. मधल्या काळात गाईड उसने देतात, नाहीतर घरून मागवावे लागतात. आणि पाच वर्षं संपली की वेतनही संपतं. मनाच्या आजाराचं संशोधन पाच वर्षांत आटोपण्याची शक्यता कमीच. आधी एथिक्स कमिटीची परवानगी. मग रुग्ण मिळवायचे, त्यांची आणि घरच्यांची संमती घ्यायची. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण एकदा पाहून भागत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षानं पुन्हा. मधल्या काळात कुटुंबानं घर बदललेलं असतं, फोन बंद असतो. प्रयोगशाळेत उंदरांवर काम करणाऱ्याला निदान उंदीर कुठं आहेत हे माहीत असतं. इहबासमध्ये काम करणाऱ्या मुलीला फॉलोअपसाठी लोणीला, गाझियाबादला, कधी मेरठला जावं लागतं. रिक्षाचं भाडं कुठल्या शीर्षाखाली दाखवायचं, हा तिचा खरा प्रश्न असतो. सहाव्या वर्षी तिच्याकडे माहिती असते, थिसिस अर्धा लिहून झालेला असतो, आणि वेतन नसतं.

आंबा, खुर्ची, नाणं

दिल्लीच्या दक्षिणेला फरिदाबाद जिल्ह्यात बल्लभगढ आहे. एम्सचा तिथला ग्रामीण आरोग्य प्रकल्प 1960च्या दशकापासून चालतो. 1990च्या दशकात विजय चंद्रा, मेरी गांगुली आणि त्यांच्या भारतीय-अमेरिकी गटानं या परिसरात म्हातारपणीच्या विस्मरणाचा अभ्यास केला. अडचण पहिल्याच पायरीवर आली. स्मृती तपासायची जगभर वापरली जाणारी चाचणी 1975 साली अमेरिकेत बनलेली. तिच्यात तारीख विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात, 'डोळे मिटा' असं लिहिलेला कागद वाचायला देतात, एक वाक्य लिहून घेतात. बल्लभगढच्या आजी शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांना ही चाचणी दिली तर अर्धं गाव विस्मरणाचं रुग्ण ठरेल.

म्हणून चाचणी नव्यानं घडवली गेली. स्थळकाळाच्या प्रश्नांत सकाळ आहे की संध्याकाळ, ऋतू कोणता, अशा रोजच्या जगण्यातल्या गोष्टी आल्या. शंभरातून सातऐवजी विसातून तीन. लक्षात ठेवायला तीन वस्तू: आंबा, खुर्ची, नाणं. कागद वाचण्याऐवजी तपासणाराच म्हणतो, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा, आणि डोळे मिटतो. वाक्य लिहिण्याऐवजी, तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. ही हिंदी चाचणी 1995 साली प्रसिद्ध झाली. पुढच्या पाहणीत अल्झायमरचं प्रमाण त्या वेळच्या जगातल्या सर्वांत कमी आकड्यांपैकी निघालं. 65 वर्षांवरच्या हजारांमागे वर्षाला 4.7 नवे रुग्ण. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेच्या गटात हाच आकडा 17.5 होता. आहार, आनुवंशिकता की आयुर्मान, याची चर्चा अजून चालू आहे.

हे सगळं इतक्या सविस्तर सांगते आहे, कारण विद्यावेतनाचा पैसा कुठं लागतो ते इथं दिसतं. एमआरआयच्या यंत्राला मोठे निधी मिळतात, त्याच्यावर पाटी लावता येते. पण आजीला विचारायचा प्रश्न तिच्या बोलीत बरोबर बसतो का, हे पाहायला कुणीतरी वर्षभर गावात बसावं लागतं. हे काम पदवीनंतरची तरुण मुलंमुलीच करतात. ती मूळ अमेरिकी चाचणी आता वापरायची तर प्रकाशन कंपनीला प्रत्येक वापरामागे पैसे मोजावे लागतात. आयुर्विज्ञान परिषदेनं मोफत वापरता येईल असा भारतीय भाषांमधला चाचणीसंच केला. त्याच्या सुरुवातीच्या हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम या पाच भाषांत मराठी नव्हती.

मानेसरच्या केंद्रात मराठीचा अनुभव वेगळा आहे. नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या गटानं वाचनातल्या अडचणी, म्हणजे डिस्लेक्सिया, ओळखण्यासाठी 'डाली' हा संच तयार केला, तो 2015 साली आला. हिंदी, कन्नड, इंग्रजीच्या बरोबरीनं त्यात मराठी आहे. जोडाक्षरं आणि वेलांट्या वाचणारा मेंदू इंग्रजी वाचणाऱ्या मेंदूपेक्षा वेगळी कसरत करतो. म्हणून परीक्षाही त्या लिपीतच बांधावी लागते. साताऱ्याच्या किंवा नांदेडच्या शाळेत 'आळशी' म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या मुलाच्या मदतीला मानेसरमधलं हे काम येऊ शकतं. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसांनाही हे फारसं माहीत नाही, याचं मला वाईट वाटलं.

तंबूत राहिलेले नातेवाईक

फाळणीनंतर लाहोरच्या मनोरुग्णालयातल्या हिंदू-शीख रुग्णांना 1950 साली अमृतसरला आणलं गेलं. त्या काळातल्या अमृतसरच्या रुग्णालयाचे अधीक्षक होते डॉ. विद्यासागर. जागा अपुरी, कर्मचारी अपुरे. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णाजवळ राहायला बोलावलं. घरचं माणूस जवळ असलं की रुग्ण लवकर सावरतो, आणि बरा झाल्यावर त्याला घरी नेतातही, हे त्यांनी दाखवून दिलं. संध्याकाळी ते नातेवाइकांना गोळा करून आजार म्हणजे काय हे समजावत. मनोरुग्णाला आत टाकून बाहेरून कडी लावण्याचा तो काळ होता. पुढे ते रोहतकच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झाले, म्हणजे आजच्या राजधानी परिसरातच. दिल्लीच्या नेहरूनगरातली विमहान्स ही संस्था त्यांच्या नावाची, आणि मानसिक आरोग्यातल्या संशोधनासाठी आयुर्विज्ञान परिषदेचा पुरस्कारही त्यांच्याच नावाचा.

केशव देसिराजू यांची आठवण तर पुण्यानं जपली आहे. 2013 साली ते केंद्रीय आरोग्य सचिव होते आणि मानसिक आरोग्यसेवा विधेयक त्याच वर्षी राज्यसभेत मांडलं गेलं. ते मार्गी लावण्यात त्यांचा मोठा वाटा. मसुद्याच्या कामात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतल्या डॉ. सौमित्र पाठारे यांच्या केंद्राचा सहभाग होता. 2017 साली कायदा झाला: उपचार मिळणं हा रुग्णाचा हक्क ठरला, आत्महत्येच्या प्रयत्नाकडे गुन्हा म्हणून पाहण्याला आळा बसला. देसिराजू 2021च्या सप्टेंबरात गेले. आज त्याच पुण्यातल्या केंद्रात त्यांच्या नावानं मानसिक आरोग्याची वेधशाळा चालते. कायद्याची अंमलबजावणी, सरकारी खर्च यांचा माग ठेवणं हे तिचं काम.

दीक्षित, रामलिंगस्वामी, भान, विद्यासागर, देसिराजू. सगळी आदरानं घ्यावी अशी नावं. पण यादी करता करता मला जाणवत गेलं, की ही सगळी उपचार करणाऱ्यांची, संशोधकांची, प्रशासकांची नावं आहेत. ज्याला आजार झाला त्याचं नाव कुठंच नाही. मला भेटलेल्या एकाही विद्यार्थ्याच्या वेतनावर रुग्णाचं नाव नव्हतं.

दिलशाद गार्डनच्या इहबासमध्ये सकाळी बाह्यरुग्ण विभागाबाहेर उभं राहिलं की याचं कारण दिसतं. 1966 साली शाहदरा मनोरुग्णालय म्हणून सुरू झालेली ही जागा. तिथल्या दुरवस्थेवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्यातून 1993 साली आजची संस्था उभी राहिली, उपचारांबरोबर शिक्षण आणि संशोधन करणारी. इमारती बदलल्या, औषधं बदलली. पण रांगेतल्या बाईचा पदर अजून तोंडावर असतो, आणि शेजाऱ्यांना 'डोकेदुखीसाठी जातो' असं सांगून आलेली माणसं आजही असतात. माणूस जिवंत असताना जे नाव लपवलं, ते तो गेल्यावर पाटीवर कसं येणार?

मेहेरबाई आणि कमलिनीबाई

यावर उत्तर आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वी सापडलं होतं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. बालविवाहविरोधी कायद्यासाठी झटणाऱ्या, साडी नेसून टेनिस खेळणाऱ्या मेहेरबाई. होमी भाभांच्या त्या आत्या. दोराबजींनी पुढच्याच वर्षी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला आणि काही आठवड्यांत तेही गेले. ट्रस्टच्या उत्पन्नाचे चार हिस्से जगभरातल्या रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनाला आणि एक हिस्सा भारतातल्या रोगनिवारणाच्या संशोधनाला, अशी त्यांनी वाटणी केली. भारतीय पीएचडी विद्यार्थ्यांना या ट्रस्टच्या शिष्यवृत्त्या आजही मिळतात. 1932 साली त्या आजारावर इलाज नव्हता, आणि कर्करोग हा शब्द घरात दबक्या आवाजात उच्चारला जात होता. दोराबजींनी पत्नीचं नाव आणि तिचा आजार, दोन्ही एका कागदावर लिहिलं.

मनाच्या आजाराबाबत मराठीत हे धाडस केलं डॉ. जगन्नाथ वाणी यांनी. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे, धुळ्याशी नातं राखलेले प्राध्यापक. पत्नी कमलिनीबाईंना स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते लपवलं नाही, उलट त्यावर बोलत राहिले. 1997 साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू झाली, आणि तिच्या पुढाकारातून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट आला. तो पाहून 'आमच्या घरीही असंच आहे' असं पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलेली कुटुंबं मला ठाऊक आहेत. वाणी 2017 मध्ये गेले. त्यांनी बोलण्याची वाट उघडली. त्या वाटेवर संशोधक विद्यार्थ्याला वेतन देण्याचं पाऊल पुढच्यांनी टाकायचं आहे.

बाहेर हे पाऊल पडलेलं आहे. अमेरिकेतले उद्योजक टेड स्टॅन्ली यांच्या मुलाला ऐन तारुण्यात बायपोलर आजार झाला, त्या घरानं आयुष्यभराची कमाई मानसिक आजाराच्या संशोधनाकडे वळवली. 2014 साली एकट्या ब्रॉड इन्स्टिट्यूटला 65 कोटी डॉलरचं वचन दिलं. इतके पैसे आपल्यापैकी कुणाकडे नसतात, म्हणून मला ब्रिटनमधलं छोटं उदाहरण जवळचं वाटतं. मेंटल हेल्थ रिसर्च यूके ही 2008 साली सुरू झालेली संस्था लोकवर्गणीतून पीएचडीचे विद्यार्थी पोसते. तिच्या स्किझोफ्रेनियावरच्या शिष्यवृत्त्यांना संस्थेशी निगडित असलेल्या जॉन ग्रेस या कायदेपंडिताचं नाव आहे. एक विद्यार्थी, एक विषय, ठरावीक वर्षं.

चोवीस लाखांचा हिशेब

आपल्याकडे देणगी म्हटलं की कायम ठेव डोळ्यांसमोर येते. रक्कम बँकेत राहावी, व्याजातून दरवर्षी काहीतरी द्यावं, नाव अमर राहावं. विद्यापीठांतल्या सुवर्णपदकांचं काय झालं ते पाहा. चाळीस वर्षांपूर्वी ठेवलेल्या रकमेच्या व्याजात आज सोन्याचा मुलामाही येत नाही. कायमच्या ठेवीतून एका जेआरएफचं वेतन द्यायचं तर वर्षाला 4 लाख 44 हजार लागतात. सात टक्के व्याज धरलं तर साधारण 63 लाखांची ठेव हवी, तीही घरभाडं सोडून. सरकारनं वेतन वाढवलं की ती अपुरी.

दुसरा हिशेब असा. एका विद्यार्थ्याची पूर्ण पाच वर्षं: पहिल्या दोन वर्षांचे 8 लाख 88 हजार, पुढच्या तीन वर्षांचे 15 लाख 12 हजार. मिळून 24 लाख. दिल्लीत मोठ्या झालेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांना हे झेपण्यासारखं आहे. दोन भावंडांनी मिळून तर नक्कीच. ठेव शेवटी संपते, पण तिच्या बदल्यात एक थिसिस आणि या विषयात घडलेला एक माणूस उरतो. मला हा मार्ग जास्त पटतो.

ज्यांच्याकडे 10 लाख आहेत त्यांनी पूर्ण वेतनाच्या मागे लागूच नये. सात टक्क्यांनी वर्षाला 70 हजार येतात, आणि तेवढ्यात लोणी-मेरठचा प्रवास भागतो, चाचणीचं भाषांतर आणि पडताळणी होते, चाचणीसाठी दिवसाची मजुरी बुडवून येणाऱ्या रुग्णाला भरपाई देता येते. किंवा सहाव्या वर्षाचे काही महिने निभतात. कुठल्याही सरकारी योजनेत न बसणारा हा खर्च आहे, आणि खासगी स्मृतिनिधीची खरी जागा इथंच आहे.

अटी घालताना जपावं लागतं. 'फक्त आमच्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला', 'अमुक टक्क्यांवरच्यांना' अशा अटींमुळे निधी वर्षानुवर्षं पडून राहतात. विषय मात्र नेमका असावा. नुसतं 'मानसिक आरोग्य' असं न लिहिता वार्धक्यातलं नैराश्य, किंवा स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचं पुन्हा कामावर रुजू होणं, किंवा मराठीतली स्मृतिचाचणी. निवड संस्थेच्या समितीनंच करावी, देणगीदारानं त्यात बसू नये. पैसे दर महिन्याच्या ठरल्या तारखेला देण्याची लेखी हमी घ्यावी. वर्षातून एकदा विद्यार्थ्यानं काम काय झालं ते चार पानांत, घरच्यांना समजेल अशा भाषेत लिहून पाठवावं. रुग्णांची ओळख त्यात येता कामा नये. पत्र संचालकांच्या किंवा कुलसचिवांच्या नावे जातं, मग करार होतो, आणि त्यात निधीचं नाव आणि हेतू असे दोन रकाने असतात.

माझ्या ओळखीचं एक दिल्लीकर मराठी कुटुंब सध्या असं पत्र लिहायला बसलं आहे. मोठा भाऊ वीस वर्षं स्किझोफ्रेनियाशी झगडून गेला. रकमेवर सगळ्यांचं एकमत झालं आहे. त्याचं पूर्ण नाव घालायचं, हेही ठरलं आहे. हेतूच्या रकान्यात आजाराचं नाव लिहायचं की 'मेंदूविकार' असं मोघम ठेवायचं, यावर घरात अजून बोलणं चालू आहे. बहिणीची मुलगी लग्नाची आहे, हे एका बाजूचं म्हणणं. ती मुलगी स्वतः मात्र आजार लिहाच म्हणते आहे.